मिनी ट्रॅक्टरचे वर्क लाईट बदलायचेत? आधी वायर आणि अर्थिंग बघा

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. एकीकडं ऊस तुटून चाललाय, मागं लगेच पाचट कुट्टी, खोडव्याच्या बगला फोडायच्या, कुठं रोटर मारून गव्हाला रान करायचं, त्यात भाड्यानं चालवणारा असला तर दिवसा गिऱ्हाइकाचं रान आणि स्वतःचं काम रात्रीवर. मग रात्री कळतं की पुढचे हेडलाईट रस्त्यासाठी दिलेत, रानासाठी नाहीत, आणि मागचा प्लाऊ लॅम्प म्हणजे देव्हाऱ्यातली समई. रोटर किती खोल चाललाय, दात्यात पाचट गुंडाळलंय का, हे बघायला मान वळवून मोबाईलची बॅटरी मारावी लागते.

त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर, भावा मोठा एलईडी बार टाक, नाद खुळा उजेड पडतोय. पडतो खरा. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातला निम्मा बार बंद, डॅशबोर्डवरचा स्विच गरम होऊन वितळलेला आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक. यातलं बरंचसं लाईटमुळं होत नाही, वायरिंगमुळं होतं. म्हणून इथं लाईट कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर कमी आणि वायर, अर्थिंग (म्हणजे करंट परत बॅटरीच्या मायनसला जायची वाट), रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), लाईट बसवायची जागा यावर जास्त लिहितोय. १५ ते २८ एचपीतल्या कुठल्याही १२ व्होल्टच्या मिनीला हे लागू पडतं, युवराज २१५ असू दे, स्वराज ७१७ असू दे, जिवो, कुबोटा निओस्टार, व्हीएसटी काहीही असू दे, वायरचे रंग आणि फ्यूज बॉक्सची जागा तेवढी वेगळी.

जुना लाईट मंद का आहे ते आधी शोधा

साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि तो घरात असावाच. इंजिन चालू करा, रेस थोडी वाढवा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान पाहिजे. १३ च्या खाली राहत असेल तर बेल्ट ढिला आहे किंवा अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, अशा ट्रॅक्टरला कितीही भारी लाईट लावा, तो पण जाणार. आधी ते काम करून घ्या मग पुढचं.

आता लाईट चालू ठेवूनच दोन मापं घ्यायची. पहिलं, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पिन लाईटच्या होल्डरमध्ये जिथं प्लसची वायर येते तिथं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तेवढं व्होल्टेज वाटेत कुठंतरी खाल्लं जातंय, वायर बारीक आहे नाहीतर स्विच किंवा जॉइंट खराब. दुसरं, लाल पिन लाईटच्या लोखंडी बॉडीवर थोडा रंग खरवडून, आणि काळी पिन बॅटरीच्या मायनसवर. इथं ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग गेलंय असं समजा. हे दुसरं माप कोणी घेतच नाही आणि निम्म्या ट्रॅक्टरचा आजार तिथंच असतो.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. त्याला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. म्हणजे बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आहेत आणि बल्बपर्यंत बारा पोचतायत, तर तुम्ही पैसे ५५ वॅटच्या बल्बचे दिलेत आणि उजेड त्याच्या पाऊणपट पण मिळत नाही.

जुना प्लाऊ लॅम्प एकदा उघडून बघाच. पुढच्या रिंगचा स्क्रू सोडला की काच हातात येते, काचेच्या आतल्या बाजूनं मातीचा पिवळा थर, रिफ्लेक्टरची चांदी उडून काळपट डाग पडलेले, होल्डरची स्प्रिंग गंजून बसलेली, आणि वायरचं टोक ओढलं की हिरवं पडलेलं तांबं चुऱ्यासारखं बोटाला लागतं. अशा लॅम्पचं अर्थिंग म्हणजे तो मडगार्डवर ज्या बोल्टनं बसवलाय तो बोल्ट. बोल्टखाली रंग, रंगाखाली गंज, त्यातनं करंट जाणार कसा. बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं दोन्हीकडचा पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, वरनं थोडं ग्रीस लावा, वायरचं सडलेलं टोक कापून नवी थिंबल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबा. पुष्कळ जणांचं काम एवढ्यावरच भागतं आणि लाईट घ्यायचे पैसे वाचतात.

नुसता बल्ब बदलायचा असेल तर जुन्यावर काय लिहिलंय ते वाचून तोच नंबर, तोच वॅट घ्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, काच तिथंच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, लागलंच बोट तर स्पिरीटनं पुसून घ्या. आणि दुकानदार १०० वॅटचा देतो म्हणाला तरी घेऊ नका. तो एकटा ८ अँपिअरच्या वर ओढतो, ५५ च्या हिशोबानं केलेली वायर आणि प्लॅस्टिकचा होल्डर ते सोसत नाही.

ट्रॅक्टरला झेपेल किती

हिशोब सोपा आहे, वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ५५ वॅटचा हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर, असे चार लावले तर १८ अँपिअर नुसते वर्क लाईटलाच गेले, हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न अजून बाजूलाच. तेच १८ वॅटचे चार एलईडी लावले तर सगळे मिळून ६ अँपिअर. मिनीचा अल्टरनेटर मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लहान असतो, त्याच्या प्लेटवर अँपिअर कोरलेले असतात, चिखल पुसून वाचा. आणि तो आकडा चढ्या रेसचा असतो, स्लो रेसवर त्यापेक्षा बराच कमी करंट मिळतो. रोटर मारताना रेस असतेच त्यामुळं जाणवत नाही, पण बांधावर ट्रॅक्टर स्लो ठेवून सगळे लाईट चालू ठेवून अर्धा तास गप्पा मारल्या की बॅटरीतनं जायला लागतं. माझा हिशोब असा की सगळा लोड मिळून प्लेटवरच्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांत बसला पाहिजे.

आता बॉक्सवरच्या वॅटबद्दल. हाताच्या पंजाएवढ्या लाईटवर १८० वॅट छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुकानात १२ व्होल्टची बॅटरी असतेच, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर टाकून लाईटच्या वायरीत मधे जोडा आणि किती अँपिअर ओढतो ते बघा. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालायला विसरू नका आणि फार वेळ धरून बसू नका. दीड अँपिअर आला तर तो लाईट १८ वॅटचा, मग बॉक्सवर काहीही छापू देत. एखादा दुकानदार हे बघून कावतो, तिथनं घेऊच नका.

उजेडाचा अंदाज द्यायचा तर ५५ वॅटचा एच ३ हॅलोजन साधारण १४५० ल्युमेन देतो. बऱ्या एलईडीत खऱ्या एका वॅटला ८० ते १०० ल्युमेन धरा. म्हणजे खरा १८ वॅटचा एलईडी एका हॅलोजनच्या बरोबरीला येतो आणि करंट एक तृतीयांश खातो. एलईडी टाकायचं खरं कारण हे, उजेड पांढरा पडतो म्हणून नाही.

घेताना बघायच्या गोष्टी म्हणजे मागं ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आहेत का, कारण एलईडी उष्णतेनं मरतो आणि ती उष्णता मागनं जाते, हातात घेतला तर वजन लागलं पाहिजे. आयपी ६७ लिहिलेलं असावं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतं. भुदरगड, गगनबावड्याकडं भाताच्या चिखलणीला मिनी नेणाऱ्यांनी यात तडजोड करू नये. व्होल्टेज १० ते ३० असं लिहिलेलं घ्या. आणि बीम फ्लड घ्या, साधारण ६० अंशाचा. स्पॉटचा बीम ३० अंशाच्या आसपास, त्यानं लांबचा बांध दिसतो पण टायरशेजारची सरी दिसत नाही, आणि मिनीचं काम सगळं दहा-पंधरा मीटरच्या आतलं आहे. रंग फार निळसर पांढरा नको, ६५०० केल्विनचा लाईट दुकानात भारी दिसतो पण धुळीत आणि पावसाच्या थेंबांवर तो उलटा डोळ्यावर येतो. ५००० च्या आसपास मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर अडून बसू नका.

हेडलाईटमध्ये एच ४ हॅलोजन बल्बच्या जागी एलईडी बल्ब टाकायची टूम निघालीय, त्याला माझा विरोध आहे. तो रिफ्लेक्टर फिलामेंट ज्या जागी असते त्या हिशोबानं केलेला असतो, एलईडीची चिप बरोबर तिथं बसत नाही, उजेड वाटेल तसा फाकतो आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. हेडलाईट आहे तसा ठेवा, वर्क लाईट वेगळा करा.

लाईट कुठं बसवायचा

इथं लोक सगळ्यात कमी डोकं लावतात. दिसली जागा, मारलं भोक, कसला बोल्ट. खरंतर चार लाईट वाटेल तिथं लावण्यापेक्षा दोन लाईट जागेवर लावले तर जास्त दिसतं.

टपावर किंवा रोलबारच्या अगदी वर पुढं तोंड करून लाईट लावला की उजेड लांब जातो, बरोबर. पण तो तुमच्या डोक्याच्या वरनं येतो, बोनेटवर पडून चमकतो, स्टेअरिंगवर चमकतो, आणि धूळ उठली की डोळ्यासमोर पांढरा पडदा. दुसरं म्हणजे डोळ्याच्या मागनं, वरनं उजेड आला की जमीन सपाट दिसते. सरी कुठं, वरंबा कुठं, हे आपल्याला सावलीमुळं कळतं. लाईट खाली आणि बाजूला असला की वरंब्याची सावली सरीत पडते आणि ओळ अशी उठून दिसते. म्हणून पुढचे दोन लाईट डोळ्याच्या पातळीच्या खाली, हेडलाईटच्या थोडे वर, बोनेटच्या दोन्ही अंगाला किंवा पुढच्या बंपरवर, आणि दोघांमध्ये अंतर जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवा. बांधणी, बगला फोडणं, कोळपणी असली कामं करणाऱ्याला याचा फरक पहिल्याच रात्री कळतो.

मागचे दोन लाईट दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडेला. आणि सरळ मागं तोंड करायचं नाही, तिरकं करायचं. डावा लाईट रोटरच्या उजव्या टोकावर, उजवा लाईट डाव्या टोकावर. का, तर मधे टॉप लिंक आणि लिफ्टचे आर्म असतात, एकाच बाजूनं उजेड आला की त्यांची जाड सावली बरोबर रोटरवर पडते आणि नेमकं जे बघायचं तेच काळं दिसतं. दोन्हीकडनं तिरका उजेड आला की एकाची सावली दुसरा मारून टाकतो. मागं एकच लाईट ठेवायचा असेल तर तो तुम्ही ज्या खांद्यावरून मागं बघता त्या बाजूला ठेवा.

उसात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऊस कमरेच्या वर गेला की पाला बाहेर आलेली प्रत्येक वस्तू ओढतो. लाईट टायरच्या बाहेरच्या रेषेच्या आत पाहिजे, वायरचा एक पण लूप बाहेर लोंबता कामा नये. लाईटच्या मागं वायर जिथनं निघते तिथनं दोन बोटांवर केबल टाय मारा, मग पाल्यानं ओढलं तरी ताण टायवर येतो, लाईटच्या आतल्या जॉइंटवर येत नाही.

रोलबार असेल तर त्याला भोक मारू नका आणि वेल्डिंग तर अजिबात नको. ट्रॅक्टर उलटला तर तुमचा जीव त्या पाइपावर असतो, भोक मारलं की तो तिथंच दुमडायची शक्यता. पाइपला यू-क्लॅम्प लावा. बाकी ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं चार-पाच मिमीची पट्टी वाकवून मिळते, लाईटबरोबर येणारं पातळ पत्र्याचं ब्रॅकेट मिनीच्या, त्यातनं सिंगल सिलिंडर असेल तर, धडधडीत टिकत नाही, बेचक्यातनं तुटतं. नायलॉक नट वापरा, साधा नट असेल तर स्प्रिंग वॉशर हवाच. ब्रॅकेटखाली रबराचा तुकडा घातला तर लाईटचं आयुष्य वाढतं, पण मग लाईटचा बॉडीशी संबंध तुटतो, म्हणजे अर्थिंगला वेगळी वायर लागणार.

वायरिंग

वायरमनकडं गेलात तर तो म्हणणार, "आण्णा, अर्थ बॉडीवरनंच घेतो की, कशाला दुप्पट वायर घालताय?" त्याला सांगायचं, "तू घाल बाबा, वायरचे पैसे मी देतो." प्रत्येक लाईटची काळी वायर एकत्र करून थेट चेसीवर, जिथं बॅटरीची मायनस केबल येऊन बसलीय त्याच बोल्टवर नेली की मडगार्डचा गंज, बोनेटची बिजागरी, रंग, सगळे प्रश्न एकदम संपतात. या सगळ्या कामात जर एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

सामान असं लागतं: ४ पिनचा रिले आणि त्याचा होल्डर, दुकानात हॉर्न रिले म्हणून मागितला तरी चालतो, ३० अँपिअरचा बघून घ्या. झाकणवाला ब्लेड फ्यूज होल्डर. अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिमी, वायरीचं माप असंच सांगतात) मल्टिस्ट्रँड ऑटो वायर लाल आणि काळी, स्विचसाठी एक एमएमची कुठल्यातरी वेगळ्या रंगाची. थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह, काळा खाचांचा फ्लेक्झिबल पाइप, टाय, पाणी न जाणारे दोन पिनचे कपलर. घरातली हाऊस वायरिंगची वायर उरलीय म्हणून वापरू नका, तिच्या तारा जाड असतात, धडधडीनं आतल्या आत तुटतात आणि तुटल्याचं बाहेरनं दिसत पण नाही.

सुरुवातीला बॅटरीची मायनस केबल काढा, बहुतेक ठिकाणी १० किंवा १३ चा पाना लागतो. मायनस पहिली काढायची आणि सगळं झाल्यावर शेवटी लावायची, कारण प्लस सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेली असेल तर जाळ आणि धूर संगटच.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरनं लाल वायर, वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि तिथनं रिलेच्या ३० नंबरला. फ्यूज रिलेजवळ नाही, बॅटरीजवळ लावायचा, कारण मधली वायर कुठं घासून बॉडीला लागली तर तीच जळणार ना. रिलेच्या ८७ नंबरवरनं लाल वायर लाईटकडं. ८५ नंबर अर्थला. ८६ नंबरला स्विचवरनं आलेली एक एमएमची वायर, आणि त्या स्विचला करंट चावी चालू केल्यावर येणाऱ्या लाईनवरनं द्या, थेट बॅटरीवरनं नको. थेट दिला की कधीतरी लाईट चालू राहतो आणि ६ अँपिअरचा लोड रात्रभर ५०-६० एएचची बॅटरी पार बसवतो. रिलेचा फायदा हा की स्विचमधनं फक्त कॉईलचा करंट जातो, पाव अँपिअर पण नाही, सगळा मोठा करंट जाड वायरीतनं सरळ लाईटला. स्विच वितळायचा प्रश्नच राहत नाही.

मागं प्लाऊ लॅम्पची कंपनीची वायर आधीच असेल तर तिचा वापर करून घ्या. ती वायर लाईटला न देता रिलेच्या ८६ ला द्या. मग डॅशबोर्डवरच्या जुन्याच स्विचनं नवा लाईट लागतो, नवीन भोक नाही, आणि हार्नेस कापायची गरज नाही. वॉरंटीतला ट्रॅक्टर असेल तर हे फार महत्त्वाचं, कंपनीची वायरिंग कापलेली दिसली की पुढं इलेक्ट्रिकची कुठलीही तक्रार घेऊन गेलात तरी बोट तिथंच जातं.

फ्यूज किती अँपिअरचा? लोडच्या सव्वा ते दीडपट. चार एलईडीचे ६ अँपिअर असतील तर हिशोब ७.५ ते ९ येतो, त्याच्या लगेच वरचा १० चा लाल फ्यूज. ७.५ चा तपकिरी, १५ चा निळा, २० चा पिवळा असतो, रंगावरनं ओळखता येतं. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकणारे आणि सिगारेटच्या चांदीचा कागद गुंडाळणारे दोघंही ट्रॅक्टर पेटवायच्या मार्गावर आहेत, उडतोय तर वायर कुठंतरी घासलीय, ती शोधा.

अडीच एमएमच का, याचा पण हिशोब बघा. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. दोन हॅलोजनचे ९ अँपिअर चार मीटर वायरीतनं नेले तर ०.६ व्होल्टच्या वर वाटेतच गेले, आणि परतीची वायर पण तेवढीच धरली तर सव्वा व्होल्ट. अडीच एमएममध्ये तेच जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टवर येतं. एलईडीला एवढा फरक पडत नाही, दीड एमएम पण चालेल, पण उद्या कोणी त्याच वायरीवर अजून एक लाईट मारणारच, तो मारायच्या आधीच वायर जाड असू दे.

जॉइंटला पिळा मारून वरनं काळी टेप, ही आपली राष्ट्रीय पद्धत. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात पाणी आत, दिवाळीपर्यंत तांबं हिरवं. थिंबल प्लायरनं चेपू नका, क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबा, ओढून बघा, निघाली तर परत दाबा, वरनं स्लीव्ह चढवून लायटरनं आकसून घ्या. सोल्डरिंग करणाऱ्यांनी एवढं बघावं की सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि धडधडीनं नेमकी तिथंच तुटते, त्यामुळं सोल्डरच्या पुढचा भाग पण स्लीव्हमध्ये घ्या.

वायर नेताना सायलेन्सरपासून लांब, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि लिफ्टच्या आर्मपासून लांब. टाय मारायच्या आधी लिफ्ट पूर्ण वर-खाली करून बघा, स्टेअरिंग दोन्हीकडं फुल्ल वळवून बघा, दुमडणारा रोलबार असेल तर तो दुमडून बघा, वायर कुठं ताणली किंवा चेंबली जातेय का. पत्र्यातनं वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट बसवा. रिलेच्या पिना खाली येतील असा तो उभा लावा म्हणजे पाणी साचत नाही, आणि लाईटमध्ये शिरायच्या आधी वायरला खाली थोडा झोळ द्या, पाणी त्या झोळावरनं गळून जातं, आत शिरत नाही.

चालू करून बघणं

मायनस जोडली, स्विच दाबला, रिलेचा टिक आवाज आला पाहिजे. आवाज येतोय आणि लाईट लागत नाही तर फ्यूज, ३० आणि ८७ बघा. आवाजच नाही तर ८५ चं अर्थिंग किंवा स्विचची लाईन. एलईडी लागत नाही तर लाल-काळी उलटी झालीय का बघा, उलटी झाली तर बहुतेक एलईडी नुसता गप बसतो, जळत नाही. मग सुरुवातीची दोन मापं परत घ्या, दोन्ही आधीपेक्षा कमी आली पाहिजेत, अर्थचं तर जवळजवळ शून्य.

ब्रेक दाबला की वर्क लाईट मंद होतो किंवा इंडिकेटरबरोबर फडफडतो, असं दिसलं तर कुठल्यातरी दोन लाईटचं अर्थ एकत्र आणि खराब आहे, करंट दुसऱ्या बल्बमधनं वाट काढतोय. रेडिओवर टोमॅटो एफएम लावला आणि वर्क लाईट चालू केला की खरखर सुरू होते, हा स्वस्त एलईडीच्या आतल्या ड्रायव्हर सर्किटचा गुण, लाईटच्या वायरीवर फेराईटची कडी चढवली तर कमी होते, आणि एफएमची एरियल आणि लाईटची वायर जवळजवळ नेऊ नका. काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर लाईट सील झालेला नाही, लगेच परत करा, नंतर दुकानदार ओळख दाखवत नाही.

अँगल लावायचं काम अंधार पडल्यावरच, रानात, अवजार जोडून. रोटर खाली सोडा, सीटवर बसा, मागच्या लाईटचा उजेड रोटरच्या पुढच्या कडेपासून मागं तीन-चार मीटरपर्यंत पडेल एवढा वाकवा. मग रोटर उचला आणि परत बघा, उचलल्यावर फळीवरनं उजेड उलटा डोळ्यात येत असेल तर लाईट अजून खाली करा. पुढचे लाईट पुढच्या टायरच्या जरा पुढून सुरू व्हायला हवेत. बोल्ट आवळा, एक तास काम करून परत आवळा, नवीन ब्रॅकेट पहिल्या धडधडीत हमखास सैल होतं.

पुढचे आणि मागचे लाईट वेगवेगळ्या स्विचवर घ्या, एवढं मुद्दाम सांगतो. मागचे पांढरे फ्लड चालू ठेवून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आला की मागच्या गाडीवाल्याला तुमचा लाल टेललाईट दिसतच नाही, पांढऱ्या झगमगाटात पुढं ट्रॅक्टर आहे का दुकान हे कळत नाही, आणि हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची काय गर्दी असते ते सांगायला नको. मागं पांढरा उजेड पाडत रस्त्यावर चालणं नियमात बसत नाही. रान सोडताना दोन्ही स्विच बंद, हेडलाईट आणि टेललाईट चालू. ट्रॉली जोडलेली असेल तर तिला मागं लाल रिफ्लेक्टर आणि चालू टेललाईट पाहिजेच, वर्क लाईटवर खर्च करून ट्रॉली अंधारात ठेवणारे पण मी बघितलेत.

धुताना प्रेशर पंपाची धार थेट लाईटच्या कडेवर आणि रिलेवर मारू नका, आयपी ६७ म्हणजे बुडालेलं चालतं, जोराच्या धारेची परीक्षा वेगळी असते. गोठ्याशेजारी ट्रॅक्टर लावणाऱ्यांनी बोनेटखालची वायर महिन्यातनं एकदा टॉर्च मारून बघावी, उंदराला नवीन वायरचं इन्सुलेशन फार आवडतं. जूनच्या आधी एकदा सगळे कपलर उघडून आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावा.